सदर जागा ही वाट नव्हे

आमच्या कॉलनीच्या नकाशात सगळं आहे. माणसानं चालायचं कुठून, तेवढंच काढायचं राहून गेलंय.

हा नकाशा तातेरावकाकांच्या बैठकीत काचेच्या चौकटीत लावलेला आहे. तातेरावकाका आमच्या सोसायटीचे चेअरमन. निजामाच्या अमदानीत ते तहसिलीत पेशकार होते आणि मनानं अजूनही तिथंच आहेत. पाहुणा आला की आधी नकाशा, मग पाणी. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी चाळीस-चाळीस फुटी रस्ते आखलेत. समोरासमोरून दोन मोटारी आल्या तर एकमेकींना अंग चोरावं लागू नये म्हणून. मधोमध एक मोठं वर्तुळ, वर्तुळात कारंजं. कॉलनीत घरं चौदा. वाहनं म्हणाल तर सहा सायकली, सर्जेरावभाऊंचा ट्रॅक्टर आणि त्यांचीच एक म्हैस. म्हशीला कुणी वाहन मानत नाही, पण त्या चाळीस फुटी रस्त्याचा पुरेपूर वापर तेवढी तीच करते.

कॉलनीचं फाटक पश्चिमेला आहे, कारण पुढेमागे तिकडून एक भला थोरला रस्ता जाणार आहे असं नकाशा काढणाऱ्या साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं. खरा डांबरी रस्ता, भोकरदनहून जालन्याला येणारा, पूर्वेला आहे. माझ्या ओट्यावर उभं राहिलं की धावणाऱ्या बसच्या खिडकीतला माणूस पान खातोय की तंबाखू, एवढं दिसतं. पण मधे सर्जेरावभाऊंच्या काळ्या रानाचा दोनशे पावलांचा पट्टा. बाकीचं रान त्यांनी कॉलनीला विकलं आणि स्वतःही इथंच घर बांधलं. हा पट्टा मात्र ठेवून घेतला. म्हणजे दोनशे पावलांवरच्या रस्त्याला जायला आम्ही आधी पश्चिमेला जायचं, फाटकातून बाहेर पडायचं आणि अर्धा मैल वळसा घालून परत पूर्वेला यायचं. बरं, वळसा घालून पोचलं तरी बस थांबत नाहीच. तिथं थांबाच नाही.

आता माझी अडचण सांगते. मी जालन्यात सकाळच्या शाळेत मास्तरीण. शाळा साडेसातला. नोकरी तात्पुरती, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या बाई कायम करण्याच्या शिफारशी पाठवणार होत्या. ह्यांची नोकरी घनसावंगीला पाटबंधाऱ्यात, त्यामुळे हे शनिवारी येणार नि सोमवारी पहाटे जाणार. घरात मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई सगुणाबाई, आणि आठ महिन्यांची बेबीनंदा. ही बाईसाहेब बरोबर सहाला उठते आणि पोटभर पिऊन झाल्याशिवाय मला सोडत नाही. तिचा माझ्या नोकरीला विरोध आहे असं नाही, पण तिचं स्वतःचं एक वेळापत्रक आहे. त्यात माझे पावणेसात होतात. पुढं अडीच मैल, त्यातला अर्धा चिखलात. आमच्याकडचा चिखल म्हणजे नुसता चिखल नाही. तो चपलेला धरतो आणि बोलत बसतो. शाळेत पोचायला पावणेआठ. दुपारी बाराला सुटले की परतीला तीच रड, आणि घरी भुकेलं लेकरू.

श्रावण संपता संपता मोठ्या बाईंनी मला हजेरीपत्रक दाखवलं. माझ्या नावापुढं लाल शाईची रांग लागली होती.

"सत्यशीलाबाई, तुम्ही शिकवता छान," त्या म्हणाल्या. "पण शिकवायला आधी यावं लागतं ना? दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर मी शिफारस कशी करू?"

मी घरी आले आणि आत्याबाईंना म्हटलं, "नोकरी सोडते." त्या बेबीनंदाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मॅट्रिक व्हायला किती वरसं लागली?"

"अकरा."

"मंग अकरा वरसं सोडायला एक दुपार लई कमी हाय. बस थांबव."

त्या बस थांबव असं म्हणाल्या, जसं काही दूध उतू चाललंय, तेवढं खाली उतरव.

मी तातेरावकाकांकडे गेले. अर्ज लिहायचा तर त्यांनीच. मी म्हटलं, "काका, एवढंच लिहा. इथं चौदा घरं आहेत, बस थांबवा."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पोरी, इतकं थोडकं लिहिलं तर साहेब पूर्ण वाचंल की! पूर्ण वाचलं की निकाल लागतो. अन् जल्दी लागलेला निकाल कधीच आपल्या बाजूनं नसतो."

मग त्यांनी चार ताव लिहिले. पहिल्या तावावर साहेबांच्या दर्जाला साजेल असा मायना. दुसऱ्यावर कॉलनीचा इतिहास, कारंज्यासकट. 'बस' हा शब्द तिसऱ्या तावाच्या मागच्या अंगाला, समासाजवळ आला. मी तो शोधून त्याखाली रेघ मारली म्हणून काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पंधरा दिवसांत डेपोतून उत्तर आलं, याचं श्रेय मी त्या रेघेला देते. उत्तरात दोन अटी होत्या. एक, डेपोचा माणूस येऊन सकाळच्या वेळी उतारू मोजील. निदान बारा पाहिजेत. दोन, वस्तीपासून थांब्यापर्यंत पायी येण्याजोगी वाट असली पाहिजे.

मोजणीच्या दिवशी पहाटेपासून कॉलनीत लगीनघाई. बारा पाहिजेत तर आपण तीस नेऊ, असा ठराव झालेला. पण रात्री पाऊस झाला होता, आणि धुतलेल्या कपड्यांतली तीस माणसं चिखलातून नेणं म्हणजे वरात बुडवणं. मी ओट्यावर उभी राहून घड्याळ बघत होते, तेवढ्यात धडधडत सर्जेरावभाऊंचा ट्रॅक्टर दारात आला. मागं ट्रॉली. ट्रॉलीत सतरंजी.

"बसा मास्तरीणबाई! चिखलात कशाला जाऊन राह्यल्या? आपला ट्रॅक्टर काय लोणच्याला ठेवायचाय?"

आम्ही बसलो. सगळी कॉलनी बसली. मी ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून, मांडीवर बेबीनंदा, आणि शेजारी तातेरावकाका, हातात अर्जाची नक्कल. डांबरी रस्त्याला डेपोचे बद्रीनाथसाहेब छत्री मिटून उभे होते. आम्ही एकतीस जण एकदम त्यांच्यापुढं उतरलो. त्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. तेवढ्यात भोकरदनची बस आली. आम्ही एकतीस हात वर केले. ड्रायव्हरही भला माणूस, त्यानंही हात वर केला आणि निघून गेला.

आठ दिवसांनी पत्र आलं. काकांनी मोठ्यानं वाचलं: "पाहणीअंती असे दिसून आले की, वस्तीतील रहिवाशांपाशी एकतीस आसनी स्वतःचे वाहन उपलब्ध आहे. सबब थांब्याची निकड दिसत नाही."

सर्जेरावभाऊ खूष झाले. "बघा! आपल्या ट्रॅक्टरची नोंद झाली सरकारात."

मी घरी येऊन पांढऱ्या पातळाचे चिखलाचे डाग धूत बसले. डाग गेले नाहीत. ते पातळ आजही मी नेसते. लोकांना वाटतं नक्षी आहे.

शनिवारी हे आले. यांना मी सगळं रडून सांगितलं. यांनी शांतपणे कागद-पेन्सिल घेतली, उताराचं, मुरमाचं गणित केलं आणि म्हणाले, "आधी वाट कर. वाट झाली की ट्रॉली लागणार नाही. ट्रॉली नाही तर तो साहेब माणसं मोजील." यांचं बोलणं नेहमी असं बरोबर असतं आणि सोमवारी पहाटे निघून जातं.

वाट कुठून करायची, हा प्रश्नच नव्हता. सगळे चोरून जिथून जात होते तिथूनच. सर्जेरावभाऊंच्या बांधावर पावलांची एक सरळ ओळ उमटलेली होती. चप्पल, बूट, अनवाणी, लहान, मोठी. नकाशा काढणाऱ्या साहेबानं एक सकाळ येऊन ती पावलं बघितली असती तर त्याला रेघ मारायचीही गरज पडली नसती. मी दोन सकाळी ओट्यावर बसून बघितलं. दूध घेऊन येणारी कुठं वळते, शाळेची पोरं कुठं पळतात, तातेरावकाका कुठं दम खायला थांबतात. सगळं वहीत मांडलं. रुंदी किती ठेवावी ते काही सुचेना. आत्याबाई म्हणाल्या, "डोईवर हंडा घेतलेल्या दोन बाया समोरासमोर आल्या अन् मधातून एक लेकरू पळालं, इतकी." आम्ही दोघींनी डोक्यावर हंडे घेऊन अंगणात मोजलं. सहा फूट भरलं.

मग मी सर्जेरावभाऊंकडे गेले.

"वाट?" भाऊंचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांची म्हैस मागितली. "मास्तरीणबाई, तुम्ही पाय ठेवा, मी कधी नाही म्हणलो का? रोज ठेवा. पण वाट म्हणू नका. आज वाट म्हणलं की उद्या वहिवाट होती. वहिवाट झाली की माझा नातू म्हणंल, आज्यानं रान वाऱ्यावर सोडलं. आमच्या भोकरदनच्या भावकीत एका पायवाटेपायी तीन पिढ्या कोर्टात गेल्त्या. वाट ऱ्हायली जागेवर, माणसं गेली."

हा माणूस चहा पाजील, ट्रॅक्टर देईल, तापात रात्रभर उशाशी बसेल, पण 'वाट' हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही. तोड काढली तातेरावकाकांनी. म्हणाले, "लिखापढी करू." आणि त्यांनी मुद्रांकावर असा करारनामा लिहिला: सदर बांधावर सहा फूट रुंदीचे मुरमीकरण करण्यात येईल, तेथून कॉलनीतील आबालवृद्ध चालत जातील व चालत येतील, तथापि सदर जागा ही वाट नव्हे, वाट समजू नये, व कोणी वाट म्हटल्यास ते रद्द समजावे.

भाऊंनी आनंदानं सही केली. आम्ही सगळ्यांनी केली. मीही केली. मॅट्रिक झालेली, मुलांना व्याकरण शिकवणारी मी; मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हातात कागद आला की आपल्याकडे माणूस सुखावतो, मग त्यावर काहीही असो.

काम सुरू झालं तेव्हा मला माझ्या सासूची ओळख झाली.

बहात्तरच्या दुष्काळात आत्याबाई खडी फोडायला होत्या. दोन उन्हाळे त्यांनी सरकारी रस्ते केले. आम्ही सगळे वाट म्हणजे मुरूम ओतला की झाली असं समजत होतो. त्यांनी पदर खोचला, बांधाच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि चेअरमनसाहेबांना म्हणाल्या, "आधी दगडाची भर पाहिजे. मंग खडी, मंग मुरूम. मधात उभार, दोन्ही बाजूला उतार. न्हाईतर पैल्याच पाण्यात समदं रानात."

"दगड कुठून आणायचा?" काकांनी विचारलं.

आत्याबाईंनी नुसतं वर्तुळाकडे बघितलं. तिथं कारंज्यासाठी आणून टाकलेला दगड दोन वर्षं पडून होता.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी खास सभा बोलावली. सभेत ते कारंज्यावर पाऊण तास बोलले. त्यातले तुषार, सायंकाळची झुळूक, जिल्ह्याच्या गावीसुद्धा नाही असं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "चेरमनसाहेब, कारंज्याला पाणी कुठून आणताव? प्यायचं मी अर्ध्या मैलावरून आणून राह्यले." मतं घेतली. कारंज्याच्या बाजूनं एक मत पडलं. दुसऱ्या दिवशी पहिला दगड काकांनीच उचलून दिला, एवढं त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे. मुरूम त्यांच्याच नव्या, अजून पाणी न लागलेल्या विहिरीचा निघालेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी बांधावर दुर्गाबाई आल्या, सर्जेरावभाऊंच्या मालकीणबाई. भारदस्त बाई, कधी कुणाच्या कामात हात न घालणाऱ्या. त्यांनी नऊवारीचा कासोटा घट्ट केला, आत्याबाईंच्या हातातली हातोडी घेतली आणि खडी फोडायला लागल्या. काय तो हात! एक घाव, दोन तुकडे. आम्ही बघतच राहिलो.

"दुर्गे, हात न्हाई इसरला तुझा," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

मग कळलं. बहात्तरात पाटलाघरच्या बायाही पदरानं तोंड झाकून कामावर गेल्या होत्या, आणि या दोघी एकाच टोळीत होत्या. एकीनं फोडायची, दुसरीनं घमेलं उचलायचं. "एका रांजणाचं पाणी पेलोत," आत्याबाई मला म्हणाल्या. "तवा तहानेनं कुनाची जात इचारली न्हाई. मंग पाऊस पडला, अन् ती वळख द्यायची इसरली." दुर्गाबाई ऐकत होत्या. हातोडी चालूच होती. दुपारी मात्र आमच्या माठातलं पाणी त्यांनी स्वतः ओतून घेतलं, वरून एक तांब्या अजून, आणि म्हणाल्या, "सगुणा, गार हाय गं तुझं पाणी." त्यानंतर त्या रोज आल्या. भाऊ दुरून बघायचे आणि म्हशीशी काहीतरी बोलायचे.

नवव्या दिवशी काम पुरं झालं. धुम्मस मारून मारून पृष्ठभाग असा झाला की बेबीनंदाला खाली ठेवलं तर ती सरळ रांगत निघाली, रस्त्याकडे. डेपोला आम्ही दुसरा अर्ज केला. या वेळी मी लिहिला, सहा ओळींचा. काकांनी शिक्क्यासाठी घेतला आणि 'पुराव्यादाखल' म्हणून करारनाम्याची नक्कल जोडून दिली. मला न सांगता.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते. बद्रीनाथसाहेब पुन्हा आले. या वेळी ट्रॉली नाही, सतरंजी नाही. आम्ही पायी गेलो आणि सव्वीस जण कोरड्या पायांनी उभे राहिलो. साहेबांनी मोजलं, मान डोलावली. मग पिशवीतून कागद काढला.

"माणसं आहेत. पण तुम्हीच लिहून दिलंय, मुद्रांकावर, की ही वाट नाही. वाटेशिवाय थांबा कसा देऊ? 'कोणी वाट म्हटल्यास ते रद्द समजावे.' मी वाट लिहिलं तर माझा अहवाल रद्द!"

माझ्या पायाखालचा मुरूम सरकला, आणि तो मुरूम आत्याबाईंनी ठोकलेला होता. काका आभाळाकडे बघायला लागले. मला डोळ्यांपुढं ती लाल शाई दिसत होती.

"साहेब," आत्याबाई पुढं झाल्या, "कागद खिशात घाला, अन् चला माझ्यासंगं."

त्या पुढं, साहेब मागं. आम्ही बाकीचे टाचा उंचावून बघत. बूट न भरवता साहेब घरापर्यंत गेले, मधे तातेरावकाकांना दम खायला ठेवलेल्या दगडावर क्षणभर टेकले, पुन्हा आले. घड्याळ बघितलं. "चार मिनिटं," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळून विचारलं, "हा बांध कोणाचा?"

सर्जेरावभाऊ कापसाच्या झाडाची बोंडं मोजत होते.

"आमचा," दुर्गाबाई म्हणाल्या. पदर डोक्यावर, पण आवाज खणखणीत. "वाट हाय. सा फूट. खडी म्या फोडली हाय तिची."

सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी घसा साफ केला. तीन पिढ्यांची भावकी त्यांच्या चेहऱ्यावरून चालत गेली.

"मालकीण म्हणती तर… हाय," ते म्हणाले. आणि मग, जसा एखादा माणूस विहिरीत उडी मारायची ठरवल्यावर सूर मारूनच मारतो, तसे पुढं झाले. "पण साहेब, नुसतं वाट लिहू नका. थांब्याला नाव लागतं ना? मंग बराबर लिहा. सर्जेराव वाट."

"आधीच्या कागदाचं काय?" साहेब म्हणाले.

भाऊंनी तो त्यांच्या हातून घेतला, चार तुकडे केले आणि धोतराच्या सोग्यात बांधले. रानात कचरा नको म्हणून.

"नक्कल होती ती," तातेरावकाका पुटपुटले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की अस्सलही त्याच संध्याकाळी फाटला.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, सोमवारी, सकाळी सहा पन्नासला भोकरदनची बस आमच्यापुढं थांबली. खरंच थांबली. तातेरावकाकांनी ड्रायव्हरला हार घातला, कंडक्टरला हार घातला, तिसरा हार उरला तो भाऊंनी स्वतःच घालून घेतला. मी चढले. बेबीनंदा आत्याबाईंच्या कडेवरून दोन्ही हातांनी टाटा करत होती. मला, का बसला, ते तिचं तिला माहीत.

शाळेत पोचले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. मी पायरीवर बसले, पाय लांब करून, जसं काही शाळा माझीच आहे. वीस मिनिटांनी मोठ्या बाई आल्या. किल्ली काढताना दचकल्या.

"सत्यशीलाबाई! एवढ्या सकाळी?"

"आमच्याकडे बस आहे ना," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. जास्त बोलले असते तर रडले असते.

सुट्टी लागेपर्यंत रोज मी कुलपाच्या आधी. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी शिफारशीचा कागद माझ्यापुढं धरला. "वाचून घ्या, नाव बरोबर आहे का बघा," म्हणाल्या. मी दोनदा वाचला, एकदा डोळे पुसून. नाव बरोबर होतं.

त्या दुपारी सव्वाबाराच्या बसनं परतले. कंडक्टरनं हाळी दिली, "सर्जेराव वाट! चला, सर्जेराव वाट!" आणि माझ्याबरोबर दोन बाया उतरल्या, एक पोतं, एक कोंबडी. मी झपाझप चालले. पायाला चिखल नव्हता, छातीत दूध दाटून आलं होतं. ओट्यावर आत्याबाई बेबीनंदाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिनं मला लांबूनच ओळखलं, ओठ काढले, रडायची सगळी तयारी केली. आणि पहिला सूर निघायच्या आत मी पोचले होते.